पाठीमागचे अकरा राजे

धुक्यातून एक माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता. जाड मिशा, लालभडक गाल... आणि पापणी म्हणून हलत नव्हती!

सकाळचे सात वाजलेले. मी एकटी, हातात सायकल, मागं कॅरिअरला नाताळची बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधलेली. 

"काय पाहून राह्यले जी?" मी दरडावलं, पण आवाज पार चिरका निघाला.

 वावरातून निसटावं म्हणून मी सायकल बाजूच्या तारेकडं ओढली, तोच तो मिशीवाला गर्रकन वळला आणि पलीकडून दुसरंच तोंड समोर आलं. तरणं, सावळं, घाबरलेलं.

"थांब! तारेले हात नको लावू! करंट हाय!"

मी सायकल जागीच रोखली. हँडल तारेपासून वीतभर लांब होतं. खाली गवतात एक ससा ताठ होऊन पडला होता.

मिशा म्हणजे प्लॅस्टिकचा मुखवटा होता, त्याच्या डोक्यामागं रबरानं बांधलेला. वाघ झडप घालतो ती पाठीवर. तोंड दिसलं की बिचकतो म्हणतात. म्हणून आमच्याकडं जंगलात जाणारे कितीतरी जण असं दुसरं तोंड मागं बांधून फिरतात.

"मी भूपेश," तो म्हणाला. "वनखात्याच्या गस्तीवर असतो. वाघाचे पंजे पाह्याले आलतो."

"मी करिश्मा. आणि तुमच्या मिशांनी माहा जीवच घेतला असता!"

"जीव वाचवला त् वरून शिव्या? तोंड पसंत नाई का?"

"मागचं बरं होतं," मी म्हटलं. हात मात्र अजून कापत होते... आणि तो ते बघत होता. त्यानं माझी सायकल धरली.

ते वावर इस्तारीभाऊचं. उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा माणूस! उन्हातान्हात कुणी विहिरीवर पाणी मागितलं तर दोर काढून घरात ठेवायचा. गावात आमची ख्रिस्ती घरं चारच, आणि प्रार्थनाघर नेमकं त्याच्या वावरापलीकडं, जंगलाला लागून. त्याची बायको वच्छलाबाई होती तोवर बांधावरची वाट मोकळी असायची. दर नाताळाला ती नवऱ्याला चोरून टोपलीभर तांदूळही पाठवायची. तीन वर्षांपूर्वी गवत कापताना तिला वाघानं नेलं. तेव्हापासून इस्तारीभाऊ नुसता चिकट नाही, कडूजहर झाला. आता बांधावर काटे, हरभऱ्याभोवती तार, आणि तारेत खांबावरून आकडा टाकून सोडलेला करंट. डुकरांसाठी, असं तो सांगायचा.

वाघाच्या भीतीनं मागच्या वर्षी आमचा नाताळ झालाच नव्हता. यंदाही नाही झाला तर प्रार्थनाघराला कुलूप लावू, असा पास्टरांचा ब्रह्मपुरीहून निरोप होता. माझे बाबा तिथं पेटी वाजवायचे. बाबा गेले, पेटी तिथंच आहे. ते कुलूप मला बघवलं नसतं.

हे सगळं मी भूपेशला धापा टाकत सांगितलं आणि तो सरळ इस्तारीभाऊच्या मचाणाखाली जाऊन उभा राहिला.

"भाऊ, करंट काढा. उद्या लेकरं जातीन इथून."

"माह्यं वावर, माही तार." इस्तारीभाऊनं आमच्याकडं बघितलंही नाही. "लेकरायले घरी ठेवा."

"मी वर कळवतो मंग."

"कळव ना!"

भूपेशनं कळवलं. सणाच्या सुट्ट्या, माणूस सोमवारी येईल, असं उत्तर आलं. आता उरली वावराच्या तारेला लागून जाणारी नाल्याची वाट. तिथं रेतीत ताजे पंजे उमटले होते... माझ्या तळहाताहून मोठे.

"जाऊ नको," भूपेश म्हणाला.

"मले लय भेव लागून राह्यलं," मी खरं ते सांगितलं. "पण जाईन."

 तो हळूच म्हणाला, "पुढं मी राह्यतो. पण मागं कोण?"

तो पंजांकडं वळला, तशी माझी नजर त्याच्या मिशांवर गेली. बाळ येशूला भेटायला येतात ते तीन राजे मुलांनी नाटुकल्यासाठी पुठ्ठ्यावर रंगवले होते. मुलं अकरा होती. तीन राजांचे अकरा केले. मोठ्यांना मात्र पुठ्ठा पुरला नाही.

चोवीस तारखेला दुपारी निघालो. लेकरं, आया, टिनाचे डबे, गाणी... आणि प्रत्येक लेकराच्या डोक्यामागं एक मुकुटवाला राजा. जाताना पान हललं तरी माझं काळीज हलायचं. भूपेश मागं वळून हसायचा, की मी उगाच चांदणी सावरायची. पास्टरांची बस तासभर उशिरा आली आणि सगळंच लांबलं. बाबांची पेटी मी वाजवली. सूर चुकले, पण नाताळ झाला!

परतताना उन्हं उतरली होती. छोट्या खुशबूचा राजा काट्यात फाटला आणि तिनं भोकाड पसरलं. भूपेशनं आपल्या मिशा काढून तिच्या डोक्यामागं बांधल्या.

"आणि तुम्ही?"

"माही पाठ कोण खाते? नुसती हाडं..."

तेवढ्यात वानरं खेकसली. गाणं बंद पडलं. नाल्यापलीकडच्या बांबूत पिवळं काहीतरी हललं आणि उभं राहिलं. वाघ.

"पळू नका," भूपेश कुजबुजला. "त्याच्याकडं तोंड करा. मागं सरका... हळू."

मागं सरकलो, तर मागं तार! समोर वाघ, पाठीशी करंट. भूपेश सगळ्यांच्या पुढं उभा. मी दोन्ही हात पसरून लेकरांना तारेपासून अडवत होते.  पलीकडं मचाणावर इस्तारीभाऊ बसला होता.

"इस्तारीभाऊ! करंट काढा!" मी ओरडले.

तो हलला नाही. वाघाकडं बघत होता. आणि तेव्हा मला कळलं, ही तार डुकरांसाठी नव्हतीच. तीन वर्षं तो या एका जनावराची वाट बघत होता. आज ते तीस पावलांवर आलं होतं.

मग त्याची नजर खाली आली. आमची तोंडं होती वाघाकडं. इस्तारीभाऊकडं एकटक बघत होते ते दहा राजे आणि एक मिशीवाला.

इस्तारीभाऊ मचाणावरून जवळजवळ कोसळतच उतरला. लांब बांबूनं त्यानं खांबावरचा आकडा पाडला. आधी स्वतः तार मुठीत धरून बघितली आणि मग ती पायाखाली दाबली.

"या... लवकर या, बाई!"

एकेक लेकरू आत आलं. भूपेश अजून तिथंच, वाघाकडं तोंड करून.

"भूपेश, तू ये ना आता!" माझा रडवेला आवाज मलाच ओळखू आला नाही. तो उलट्या पावलांनी आला. आम्ही डबे बडवले. वाघानं एकदा बघितलं आणि बांबूत शिरला.

इस्तारीभाऊ बांधावर बसून लहान मुलासारखा रडत होता. "ती वाकली होती जी... पाठमोरी. तिले तो दिसलाच नाई."

दुसऱ्या दिवशी बांधावरचे काटे काढलेले होते. प्रार्थनाघराच्या पायरीवर तांदळाची टोपली होती. अर्धीच भरलेली. चिकट तो चिकटच!

मी भूपेशसाठी नवा राजा रंगवून नेला होता. तो माझी सायकल धरून पलीकडं उभा राहिला आणि राजाकडं बघत राहिला.

"माह्या मिशाच बऱ्या होत्या," तो म्हणाला. "आणि काल तू मले 'तू' म्हटलं."

"भेवानं निघालं तोंडातून."

"काल मागं मुखवटा नव्हता, तरी माह्या पाठीले भेव नाई वाटलं. काऊन, सांगू?"

"काऊन?"

"मागं तू होती."

 "मग... पाठ माह्याकडंच ठेवत जा," मी कशीबशी म्हटलं. हात पुन्हा कापायला लागले. त्यानं ते बघितलं. या वेळी त्यानं सायकल सोडून दिली आणि माझा हात धरला.