तेरड्याची गौर

सत्त्याऐंशी साल. सिल्वासातल्या दोऱ्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून मी खोलीवर आलो, तर एक मुलगी माझ्या वाफ्यातला तेरडा मुळासकट उपटत होती. लाल, भरगच्च पाकळ्यांचा. मॅनेजरच्या बंगल्यातून बी मागून आणून मी तो कुंपणालगत वाढवला होता.

"ओ बाई, काय करी राहिल्या?"

ती बोलली नाही. जुडी उराशी धरून चालू लागली.

"अहो! मुक्या आहात का?"

तिनं डोळे मोठे केले... आणि चालतच राहिली. मी मागोमाग. शाळेजवळच्या खोलीत शिरून तिनं जुडी पाटावर ठेवली, मग वळली.

"आता बोला! आमच्या गुहागरला तेरड्याची गौर असते. ती मुक्यानं आणायची. यंदा घरी जायला रजा नाही, म्हणून इथंच आणली. वाटेत केवढं बडबडलात!"

"पण झाडं माझी होती."

"तेरडा कुणाचा असतो का? आमच्याकडे बांधावर माजतो."

"आमच्या धुळ्याकडे गौरीला मुखवटे असतात. मला काय माहीत?"

"बरं, आरतीला घरातल्या बायकांना पाठवा."

"घरात बायका नाहीत."

"एकपण?" ती हसली.

तिचं नाव लीला. शाळेत शिकवायची. लीला आता या जगात नाही.

त्या रविवारी ती वाफ्यातली रिकामी जागा भरायला आली.

"आता लावला तर फुलेल?"

"नाही. पाऊस गेला की संपतो. बी पडलं की पुढच्या वर्षी आपोआप उगवतो."

तिनं उरलेल्या झाडावरची पिकलेली शेंग चिमटीत धरली. शेंग फटकन फुटली. तिनं दचकून माझं मनगट धरलं — आणि सोडायला जरा वेळ लावला.

मग ती दर रविवारी यायची. दसऱ्याच्या आधी म्हणाली, "दादा येतोय. नोकरी सोडवून नेणार. चिपळूणचं स्थळ बघितलंय."

मी माती सारखी करत राहिलो. "यंदा बी चांगलं धरलंय."

"झाडांचं राहू द्या हो, वाल्मिकराव. तुमचं सांगा."

"जाऊ नका."

"एवढंच?"

"लग्न करू... तुमची इच्छा असेल तर."

"दादासमोर म्हणाल?"

म्हणालो. दादानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खानदेशातला? कारखान्यात?" मग तिच्याकडे वळला. "बॅग भर. तुला घरी यायचंय की नाही?"

लीलानं त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"यायचंय की, दादा. गणपतीला येऊ. दोघं."