शिंगरू कुणाचे पट्टे शोधत होतं?

भुकेलेलं पिल्लू दुधाकडे पाठ का फिरवेल? सांगा बघू. मला तर काही केल्या सुचत नव्हतं, आणि डोळ्यांसमोर ते झेब्र्याचं शिंगरू वाळत चाललं होतं.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, केनियातल्या गवताळ माळावर प्राण्यांचा अभ्यास करतात. आई चंद्रावरच्या तळावर कामाला गेली, तेव्हापासून मी त्यांच्याकडेच असते. या शिंगराची आई नदीच्या पुरात वाहून गेली. त्याला पाजायला आबांनी धोंडूला नेमलं. धोंडू हा आमचा चार पायांचा यंत्रप्राणी. त्याच्या पोटात कोमट दूध असतं आणि अंगभर चित्रपटल (हवं ते चित्र उमटवणारी कातडी). स्वारी भलती हौशी! रोज सकाळी नवे पट्टे लेवून हजर. कधी रुंद, कधी बारीक. पट्टे ते पट्टे, त्यात काय बघायचं, असं मलाही वाटायचं. शिंगरू मात्र धोंडूभोवती एक फेरी मारायचं आणि तोंड फिरवून नदीकडे बघत उभं राहायचं.

आज प्यायलं नाही तर उद्या ते उठणार नाही, असं आबा म्हणाले.

दुपारी आईचा फोन आला. पडद्यावर आखूड केसांची कुणी बाई बसलेली. ही कोण, ते मला कळेना. मग ती “चिंगे” म्हणाली, तेव्हा कुठे ओळख पटली. तळावर केस सांभाळणं जमत नाही म्हणून तिने कापून टाकले होते. मला इतका राग आला की रडूच फुटलं. आणि रडता रडता एकदम काहीतरी सुचलं. फोन तसाच टाकून मी आबांकडे पळाले.

“आबा, ते आपल्या आईचेच पट्टे शोधतंय का हो?”

आबांनी कपाळावर हात मारला. पिल्लू आईला पट्ट्यांवरून ओळखतं हे माहीत होतं त्यांना, पण धोंडूच्या हौसेकडे लक्षच गेलं नव्हतं. मग त्यांनी मला समजावलं. झेब्र्याच्या पट्ट्यांमुळे चावऱ्या माश्या गोंधळतात, त्यांना अंगावर नीट बसता येत नाही. पण आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात. पिल्लू जन्मलं की आई त्याला कळपापासून थोडं दूर ठेवते. तिचे पट्टे, तिचा वास, तिचा आवाज त्याच्या मनात पक्का बसेपर्यंत इतर कुणाला जवळ येऊ देत नाही. यालाच अनुमुद्रण (जन्मल्यावर लगेच मनावर उमटणारी ओळख) म्हणतात.

आबांच्या उडत्या कॅमेऱ्याने कळपाचे फोटो काढले होते. त्यांत शिंगराच्या आईचा फोटो सापडला. तेच पट्टे धोंडूच्या अंगावर उमटवले, कळपाच्या ध्वनिफितीतली तिची हाकही लावली.

शिंगरू आलं. एक फेरी मारली. थांबलं. मग धोंडूच्या पोटाशी तोंड नेऊन चुटूचुटू प्यायला लागलं.

“ही खरी आई नाही, हे कळेल त्याला?” मी विचारलं.

“कळेल,” आबा म्हणाले. “पण तोवर पायांत बळ आलेलं असेल. मग कळपात जाईल ते.”

संध्याकाळी आईने परत फोन केला. मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “येशील तेव्हा केस वाढवून ये.”

“का गं? ओळखणार नाहीस मला?”

“ओळखीन. पण वाढव.”