हिरव्या रंगाशी वैर

नाटकगृहाच्या जिन्यात मी त्याच्यावर आदळले, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत हिरवा झगा होता. तो दोन पायऱ्या मागे सरला. मला नाही, झग्याला घाबरून!

"हिरवा? आणि... रंगमंचावर?"

"अय्या, तुम्ही ते सिनेमातले इन्स्पेक्टर ना?"

"अकरा सिनेमांत. एकदाही चोर सापडला नाही." तो हसला. गालावर खळी पडली. पडद्यावर ती कधी दिसली नव्हती. "इथे मात्र मी दिग्दर्शक. रेमी वोशे. आपण?"

"सोलेन. तुमची नवी शिंपीण."

नाटकात हिरवा रंग म्हणजे अपशकुन, हे फ्रान्समधल्या आमच्या नांत शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण नायिकेच्या तांबूस केसांवर तोच खुलत होता, त्याला मी काय करू? आठवडाभरानं रंगीत तालमीत नायिका क्लेमांस मात्र हटूनच बसली. "मेले तरी घालणार नाही!" शुक्रवारी पहिला प्रयोग. सगळे रेमीकडे बघू लागले.

"झगा बदला," तो माझी नजर चुकवत म्हणाला.

"मग शिंपीणही बदला." मी कात्री पिशवीत टाकली आणि निघाले. नोकरीला जेमतेम आठवडा झाला होता. त्यात हा माणूस मला आवडायला लागला होता, म्हणून राग दुप्पट.

ट्रामच्या थांब्यावर तो धापा टाकत आला. भुरभुर पावसात, कोट न घालताच.

"सोलेन, ऐका तर... माझं पहिलं नाटक तीन दिवसांत पडलं. नायकाची बंडी हिरवी होती."

"आणि नाटक कसं होतं?"

ट्राम आली, गेली.

"भिकार," शेवटी तो म्हणाला. "मी बसवलंच भिकार होतं."

"मग बिचाऱ्या बंडीवर कशाला खापर फोडता?"

तो इतकं मोकळं हसला, की मी परत फिरलेच. त्यानं सगळ्यांसमोर तेच सांगितलं, काही न लपवता. क्लेमांसनं कुरकुरत झगा चढवला आणि आरशात पाहिल्यावर तर अंगातून काढेचना.

"शुक्रवारी कुठली खुर्ची ठेवू?" रेमीनं विचारलं.

"तुमच्या शेजारची."

"मी बसत नाही. मागे भिंतीशी उभा राहतो... भीती वाटते."

"मग मीही उभी राहीन."

पडदा वर गेला, तसा तो भिंतीला आणखीच चिकटला. मी सरळ त्याचा हात धरला. दोन तास. टाळ्या थांबेनात, दिवे लागले, लोक माना वळवून बघू लागले.

"आता सोडलात तरी चालेल," मी कुजबुजले.

"मला नाही चालणार," रेमी म्हणाला. चांगलं मोठ्यांदा.