आधी वाचा, मग हात लावा

स्क्रीनवर माऊसचा बाण दिसेना म्हटल्यावर छोटीला आधी वाटलं, वायर सुटली असेल. ती टेबलाखाली वाकली. वायर नव्हती, कारण माऊसच नव्हता. काळा स्क्रीन, त्यावर लुकलुकणारी एक रेघ आणि अक्षरं झिजलेला कीबोर्ड, एवढाच तिथला संसार.

छोटी नावालाच छोटी, वय सत्तेचाळीस. दादाने लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर वीस वर्षं रंगीत चित्रांवर टिचक्या मारल्यावर तिने स्वतः मागून आवाजघरात बदली घेतली होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांच्याकडून इथे आधी रोजची वाक्यं वाचून घेत. मग त्याच आवाजात बोलणारं यंत्र बनवता येई. चारशे बारा माणसांचे आवाज त्या एका मशीनमध्ये होते आणि त्यात एक दादाचा होता. चार महिन्यांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तो पाटीवर लिहून भांडत होता. यंत्रवाल्यांनी त्याचा आवाज येत्या सोमवारी मागितला होता.

आवाजघर सांभाळणारे मास्तर दोन महिन्यांपूर्वी वारले होते. शिकवायला कोणी नाही. पहिला आठवडा छोटीने मशीनला आणि स्वतःला शिव्या देण्यात घालवला. नाचता येईना अंगण वाकडं, असं दादाने पाटीवर लिहून वर दात काढले.

मग एके दिवशी चुकून वरच्या बाणाचं बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवर मास्तरांनी कधीकाळी दिलेली कमांड, म्हणजे मशीनला टाइप करून सोडलेला हुकूम, उमटली. पुन्हा दाबलं, तिच्या आधीची. वर्षानुवर्षांचं काम तिथे ओळीने उभं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटी जाळी, # अशी, आणि तिच्यापुढे साध्या मराठीत टीप. जाळीच्या पुढचं काही मशीन वाचत नाही, ते माणसासाठी असतं. ‘इथे चुकून जागा सोडाल तर सगळं पुसलं जाईल. मी एकदा रडलो आहे.’ पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. या माणसाने आपली एकही ठेच लपवली नव्हती.

छोटी त्या माणसाच्या प्रेमातच पडली म्हणा ना. एका कमांडने यादी काढायची, दुसरीत चाळून घ्यायची, तिसरीने मोजायची, आणि सगळं एकाच ओळीत! जे काम करायला खिडकीवर तिची सकाळ जायची, ते पापणी लवायच्या आत होई. मास्तरांची एक सवय तर तिने कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. धोक्याची कमांड असली की ते तिच्या सुरुवातीलाच जाळी टाकत. मग एंटर दाबलं तरी मशीन गप्प राही. ओळ मोठ्याने वाचायची, पटली की जाळी काढायची आणि मगच चालवायची. पुढे टीप असे: ‘आधी वाचा, मग हात लावा.’

एक गोष्ट तिच्या हळूहळू लक्षात आली. ती जिथे अडे, तिथे बाण एकदाच दाबावा लागे. हवी ती ओळ पहिल्या फटक्यात वर येई. योगायोग, ती म्हणाली. एकदा अक्षरं नीट दिसेनात म्हणून ती डोळे बारीक करून बसली होती. बाण दाबला तर टीप आली, ‘चष्मा कपाळावर आहे.’ तो खरंच कपाळावर होता. मास्तरांनाही चष्मा असणारच, असं म्हणून तिने तो खाली ओढला. पण त्या दिवशी ती जरा लवकरच घरी गेली.

शुक्रवारी दुपारी मशीनमधून खरखर यायला लागली. दुरुस्तीवाला धावत आला, कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. डिस्क शेवटचे आचके देत होती. दुसरी प्रत ठेवायची मंजुरी वर्षभर कागदावरच पडून होती. त्याने खोक्यातून नवीकोरी डिस्क काढून जोडली आणि सगळं आत्ताच्या आत्ता तिच्यावर उतरवा म्हणाला. तेवढ्यात ऑपरेशनच्या खोलीतून बोलावणं आलं आणि तो पळाला.

छोटी एकटीच उरली. या कमांडला दोन नावं लागतात, कुठून आणि कुठे. दादाचा आवाज त्या खरखरीत अडकला होता. तिने भराभर टाइप केलं आणि एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. रेघ पुन्हा लुकलुकू लागली.

तिने ओळ आत्ता कुठे वाचली. नावं उलटी पडली होती. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवायला तिने सांगितलं होतं. चारशे बाराच्या चारशे बारा पुसले गेले असते.

ओळीच्या सुरुवातीला जाळी होती.

ती तिने टाकली नव्हती. घाईत ती सवय साफ विसरली होती.

मग तिने नावं सरळ केली. तीनदा मोठ्याने वाचली. जाळी काढली.

पन्नास मिनिटं लागली. शेवटी जुनी डिस्क खट्‌कन वाजून कायमची थांबली. नव्या डिस्कवर तिने मोजणी लावली. चारशे बारा. छोटी टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडली आणि म्हणाली, “मास्तर, धन्य आहे तुमची.”

सगळ्या ओळी तारीखवेळेसकट दाखवणारी कमांड तिला येत होती. तिने ती दिली. तिने आज दिलेल्या सगळ्या ओळींवर आजची तारीख होती. त्या उलट्या, जाळीवाल्या ओळीवर मात्र चार महिन्यांपूर्वीची, वेळ तीन वाजून वीस मिनिटं.

दुरुस्तीवाला परत आला तेव्हा म्हणाला, “घड्याळ सरकतं कधीकधी, ताई.” तिने मान हलवली. त्या ओळीत आजच खोक्यातून निघालेल्या डिस्कचा नंबर होता, हे तिने त्याला सांगितलं नाही.

तो गेल्यावर तिने दादाची फाईल काढली. तारीख तीच. वाचन तीन वाजता सुरू झालेलं. तिने विसावं मिनिट लावलं.

दादाचा जुना, भरलेला आवाज खोलीत आला. “चहा गार झालाय. माझा चष्मा कुठे—”

“एक मिनिट हं,” त्या वाचनातच दादाच्या मागून कोणीतरी म्हणालं. म्हातारा, शांत आवाज. खुर्ची सरकली. बटणाचा खट् असा एकच आवाज झाला. मग तोच आवाज, अगदी हळू, दादाशी नव्हे:

“आधी वाचा, मग हात लावा.”

खुर्ची पुन्हा सरकली. “हं, चालू द्या तुमचं.”

कागद उलटल्याचा आवाज आला आणि दादा पुढचं वाक्य वाचू लागला.

“दार उघडंच आहे. छोटी, कोण आलंय बघ जरा.”