जिभेखालची गोळी

गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या गाळ्यांमागे, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांचं एक केंद्र आहे. सुईनं नशा करणाऱ्यांना तिथे रोज एक गोळी देतात. गोळीनं तलफ मरते, तलफ मेली की माणूस सुईला हात लावत नाही, आणि एकाची सुई दुसऱ्याच्या दंडात गेली नाही की एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही.

सुहासिनी तिथली नर्स. सकाळी बोळिंजहून यायची आणि एकला केंद्र बंद करून लेकीच्या, ओवीच्या, शाळेकडे पळायची. काम तसं एकसुरी. गोळी खलात कुटायची, चमच्यानं पेशंटच्या जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत त्याला समोरच्या बाकावर बसवायचं. मग “जीभ वर” म्हणून टॉर्चनं आत बघायचं. काही महाभाग गोळी गालात दडवून बाहेर नेत आणि तीच पाण्यात कालवून टोचून घेत. म्हणून तिनं दोन नियम स्वतःच्या हातानं लिहून भिंतीवर लावले होते. औषध विरघळल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आणि बाकावर माणूस असताना केंद्र बंद करायचं नाही.

चार वर्षांत ती माणसं चेहऱ्यावरून कमी आणि दातांवरून जास्त ओळखायला लागली होती. खालचा पुढचा दात अर्धा तुटलेला, तो जयवंत.

जयवंत जवळच्याच एका गाळ्यात पॅकिंगला होता. धापा टाकत नेहमी शेवटचा यायचा. गणपती उठल्यावर एके दिवशी तो आला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सुहासिनी जाळीच्या दाराला कुलूप घालत होती. त्यानं बोटातली घोड्याच्या नालेची अंगठी जाळीवर तीनदा वाजवली.

“ताई, दहाच मिनिटं झालीत.”

“वेळ म्हणजे वेळ. उद्या ये,” ती म्हणाली. ओवी शाळेच्या फाटकाशी उभी असणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तो हुज्जत न घालता गेला. त्याच संध्याकाळी त्यानं कुणाची तरी वापरलेली सुई टोचून घेतली. सुईतला जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला, आणि अठरा दिवस तापानं फणफणून जयवंत गेला. अंगाला हात लावला की चटका बसायचा, असं त्याची बायको सांगत होती. सुहासिनीला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत ओवीची शाळा बंद होती, म्हणून सुहासिनी एक दिवस आवराआवर करत मागे राहिली. एक वाजून दहा मिनिटांनी जाळीवर तीन ठोके पडले. तिनं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं, पण शिजत्या भाताचं झाकण काढावं तशी गरम वाफ तिच्या तोंडावर आली. त्या दिवसापासून ती एकला पाच मिनिटं कमी असतानाच कुलूप घालायला लागली.

निमिषचं गाऱ्हाणं नेमकं त्यानंतरचं. तो जयवंतच्याच गाळ्यातला. त्याच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला होता. औषधांच्या बारा आठवड्यांपैकी नऊ झाले होते, पोरगा सुधारत होता. त्याची जेवणाची सुट्टी बदलली आणि त्यानं विचारलं, दीडपर्यंत थांबाल का? ती नाही म्हणाली. का, ते तिला सांगता येईना. भुताला भिऊन आपण जित्या माणसाला दारातून परत पाठवतोय, हे तिला कळत होतं, तरी ती नाहीच म्हणाली.

निमिष दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा, आनंदीबाईंचा फोन आला.

“काल परत त्याच पोरांत बसला व्हता. टोचला नाय म्हनतो. आज पाठवते, पन दीडच्या आधी येनार नाय. तुमी थांबा, बाय. येवढा एक करा.”

सुहासिनीनं शेजारच्या सुरुचीला ओवीला आणायला सांगितलं आणि ती थांबली.

एक वाजला. डॉक्टर केव्हाच गेले होते. गाळ्यांतली यंत्रं जेवणासाठी एकेक करून थांबली. बाहेर लख्ख ऊन होतं, आत स्पिरिटचा वास आणि घड्याळाची टिकटिक. जाळीकडे बघायचं नाही असं ठरवून ती जाळीकडेच बघत होती.

तीन ठोके पडले.

मागच्या दारानं पळता आलं असतं. पण निमिष आला असता आणि त्याला कुलूप दिसलं असतं.

“ये आत...” ती म्हणाली.

बाक कुरकुरला. तिनं मान वर केली नाही. हातांनी सवयीनंच गोळी कुटली, चमचा भरला. समोर तोंड उघडलं होतं. खालचा दात अर्धा तुटलेला होता. तिनं जिभेखाली भुकटी ठेवली, तेव्हा बोटांना झळ लागली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली.

“जीभ वर...”

टॉर्चच्या उजेडात भुकटी ठेवली तशीच होती. त्या तोंडात लाळेचा थेंब नव्हता.

“चुकलं माझं, जयवंत,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “लागू दे वेळ. मी बसलेय.”

“ताई?” जाळीतून निमिष हाक मारत होता. तिनं डोळे पुसले. बाक रिकामा होता. निमिषनं खिशातून सीलबंद सिरिंज काढली आणि कोपऱ्यातल्या डब्यात टाकली. फोडली नाही, म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला. औषध घेऊन तो बाकावर टेकला आणि दचकून उठला.

“ताई, हा बाक एवढा कशानं तापलाय?”

तो दुसऱ्या टोकाला बसला. जीभ उचलली तेव्हा औषध पुरतं विरघळलेलं होतं.

निमिषचे बारा आठवडे पुरे झाले, पुढच्या तपासणीतही रक्त स्वच्छ आलं. सुहासिनीनं डॉक्टरांच्या मागे लागून केंद्राची वेळ दोनपर्यंत करून घेतली; ओवीला आता रोज सुरुचीच शाळेतून आणते. तिथली माणसं तिचं नाव काढतात.

दोनला सगळे गेले की ती कुलूप घेऊन जाळीपाशी येते. मागे बाक कुरकुरतो. कोरड्या घशातून, अगदी हळू आवाज येतो.

“ताई... अजून विरघळलं नाही.”

मग ती कुलूप टेबलावर ठेवते, आणि समोर बसून राहते.