सोड म्हणेपर्यंत

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात एका दुपारी कचरूतात्या बारामतीहून एस.टी.नं कळंबला उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीत पॉलिश पेपर आणि प्रायमरचा एक डबा होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. कुठंतरी उसाला पाणी सोडलेलं, त्याचा ओला वास तेवढा वाऱ्याबरोबर येत होता. घरात न जाता तात्या सरळ मागच्या पत्र्याच्या शेडकडे गेले.

शेडमध्ये लाल मारुती उभी होती. शहाऐंशी सालची, मागचं दार वर उघडणारी, चणीनं लहान. पण पुण्याच्या कुणा हौशी माणसानं रॅलीत पळवलेली. इंजिन मुद्दाम जोरकस करून घेतलेलं, सायलेन्सर मनगटाएवढा जाड, मागची सीट काढून टाकलेली. पुढं ती शेळगावच्या एका शेतात सडत पडली होती, तिथून घोषानं आणली. घोषा म्हणजे तात्यांचा थोरला, बुद्धघोष. कारखान्यात बाप फिटर, लेक वेल्डर.

"तात्या, हिला पयल्यासारखी पळवू," तो म्हणाला होता.

"आधी उभी तर कर. कोंबडी अंडी घालून गेलीया हिच्यात."

वर्षभर दोघं सुट्टीच्या दिवशी तिच्यात डोकं घालून बसायचे. इंजिन झालं, दारं झाली. उजव्या बाजूचा, मागच्या चाकावरचा चेपलेला पत्रा तेवढा राहिला. आणि घोषा गेला. काविळीनं, नऊ दिवसांत. वय चोवीस.

परवा घोषाला जाऊन वर्ष झालं, त्याच्या नावानं पुण्यानुमोदन झालं आणि रंगुबाई नवऱ्याला म्हणाली, "पोरानं हाती घेतलेलं अर्धं ठिवू नका. पुरी करा तेवढी."

आता पत्र्यातला पोचा काढायचा म्हणजे दोन माणसं लागतात. एकानं गाडीत उकिडवं बसून पत्र्याच्या आतल्या अंगाला लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून हातोडी मारायची. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं. बाहेरचा "सोड" म्हणाला की मगच आतल्यानं हात काढायचा. ठोकळा नसला तर घाव भद्द वाजतो आणि पत्रा आणखी बिघडतो.

तात्या एकटेच होते. बघू तरी, म्हणून त्यांनी खाली बसून हलकासा घाव घातला.

टण्ण.

हात वरच थांबला. त्यांनी पुन्हा मारला. टण्ण. भरीव, नेटका आवाज.

काचांना रंगासाठी कागद चिकटवलेले होते. तात्यांनी उठून दार उघडलं. तापलेल्या रेक्झिनचा वास आला. आत कुणी नव्हतं. ठोकळा चाकाच्या कमानीवर पडलेला होता, वर्षापूर्वी पडला होता तिथंच.

तात्यांना भीती वाटली नाही. ते परत खाली बसले आणि ऊन उतरेपर्यंत ठोकत राहिले. त्या दिवसापासून पहिली पाळी संपली की शेडमध्ये. घरात ते वर्षभर जेवताना बोलले नव्हते. आता मीठ मागू लागले. रंगुबाईला बरं वाटलं.

आठवड्यानं इंदापूरचा झुंबर पेंटर रंगाचं बघायला आला. त्यानं डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवला.

"तात्या, झकास काढलाय. आत कोन बसवलं हुतं?"

"कोन न्हाय. एकट्यानंच."

"मला शिकवता व्हय? बावीस वर्सं हेच करतोय मी. हे एकट्याचं काम न्हाय." झुंबरचा तळवा एका जागी थांबला. "फकस्त आत धरणाऱ्याचा हात थरथरलाय बगा... हितं. अन् हितं. आजारी माणूस जुंपला हुता का काय?"

तो हसला. तात्या हसले नाहीत.

"सोमवारी रंग मारू," म्हणून झुंबर गेला. तात्या तिथंच भिंतीला टेकून बसले.

असाच एप्रिल होता. घोषा आत बसला होता. "तात्या, अंग कसकसतंय," म्हणाला होता. तात्या म्हणाले होते, "एवढा पोचा हू दे. मी सोड म्हणेपातूर सोडू नगं." तेवढ्यात कारखान्यातलं कुणीतरी रस्त्यावरून हाक मारत आलं. तात्या बोलत उभे राहिले, अर्धा तास तरी. परत आले तेव्हा त्या भट्टीसारख्या गाडीत घोषा तसाच उकिडवा, दोन्ही हातांनी ठोकळा दाबून. डोळे पिवळे. तात्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली होती.

सोमवारी रंग. मग शेडमध्ये यायला काम उरणार नव्हतं.

तात्या उठले आणि त्या नितळ पत्र्यावर त्यांनी हातोडीचा सणसणीत घाव घातला. पोचा पडला.

"अवो! चांगला पत्रा का ठोकताय?" रंगुबाई दारात उभी होती.

"उद्याला काम नगं का?"

ते खाली बसून तोच पोचा काढू लागले. टण्ण. टण्ण. फिटरची बायको ती. असा आवाज कशानं येतो ते तिला ठाऊक होतं.

"आत... कोन हाय?"

रंगुबाईनं पदर खोचला, गाडीत शिरली. आतल्या अंधुक उजेडात चाचपडत तिनं पत्र्याकडे हात नेला.

"मारा," ती म्हणाली.

टण्ण.

आतून रंगुबाईचा आवाज आला.

"अवो... त्याचा हात तापलाय वो. लई तापलाय..."

नऊ दिवस त्या अंगावर ओल्या पट्ट्या तिनंच ठेवल्या होत्या.

तात्यांच्या हातातली हातोडी खाली आली. "रंगू, मी त्याला सोड म्हनलोच न्हाय गं. राहूनच गेलं."

"मग आता म्हणा."

"म्हनलो तर जाईल त्यो."

"वरीस झालं वो धरून बसलंय लेकरू..."

तात्यांनी पत्र्याला कपाळ टेकवलं. ते हळूच म्हणाले, "सोड, घोषा. झालं काम."

आत काहीतरी जड खाली पडलं.

रंगुबाई बाहेर आली. मग ती डोळे पुसत चहा टाकायला घरात गेली.

तात्यांनी हातोडी पुसून स्टुलावर ठेवली आणि ठोकळा उचलायला ते गाडीत शिरले. तो अजून गरम होता. लेक कसा बसत असेल ते बघावं म्हणून ते तिथंच उकिडवे बसले आणि ठोकळा त्यांनी पत्र्याला लावला.

टण्ण.

बाहेरून.

"रंगू?" घरातून स्टोव्हचा फरफर आवाज येत होता. काचेवरचा कागद कोपऱ्यात फाटला होता. त्यातून तात्यांनी पाहिलं. हातोडी स्टुलावरच होती.

टण्ण... टण्ण... घाई नाही, राग नाही. त्यांनीच शिकवलेला हात.

ठोकळा तापत चालला. तळव्याला चटका बसू लागला. तात्यांनी दुसरा हातही लावला, आणखी घट्ट दाबला, आणि पत्र्याला कान लावून ते त्या एका शब्दाची वाट बघत राहिले...