एकशे बारा झिलया

"आज कुणालाच माझी ओळख पटत नाहीये," मालकीणबाई संगणकासमोर पुटपुटत होत्या. गॅसची टाकी मागवायला जावं, तर पासवर्ड. मातीची पोती मागवायला जावं, तरी पासवर्ड. कालपर्यंत सगळं आपसूक उघडत होतं.

चोरीच्या तपासाला मेव्हणीबरोबर येऊन दारात उभ्या असलेल्या भावोजींनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला चोरी म्हटलं की कडी-कोयंडे आठवतात. निवृत्तीनंतर ते मेव्हणीची पिशवी धरून तिच्याबरोबर हिंडायचे. मेव्हणी अंगानं एवढीशी आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. खाजगी तपास हा तिचा धंदा.

चिनी मातीच्या भांड्यांच्या त्या कारखान्यातून एकशे बारा झिलयांची प्रमाणं नाहीशी झाली होती. भांड्यांना चकाकी देणारी ती मिश्रणं मालकांनी वीस वर्षांत जमवलेली. पुतण्यानं त्यांच्यासाठी वेब ॲप करून दिलं, तेव्हा जुन्या वह्या रद्दीत गेल्या. आज सकाळी ॲप उघडलं, तर पाटी कोरी. सोमवारी मोठी भट्टी लावायची होती.

संशय झिलई कालवणाऱ्या बाईवर. तिला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत छडा लागला नाही, तर पोलिसांत तिचं नाव जाणार होतं, आणि मग तिला कोण दारात उभं करणार?

मालक माळ्यावरून उतरताना जिन्याच्या मधोमध थांबले, खोकले. थंडीचा खोकला, म्हणाले. ॲपबद्दल मात्र अभिमानानं बोलले. "नेट बंद असलं तरी चालतं. मी मुद्दाम तसं करून घेतलं. इंटरनेटवर गेलेली वस्तू चोराचीच."

संगणक मालक, मालकीणबाई आणि झिलईवाली, तिघंही वापरत.

झिलईवाली तोंडाला फडकं बांधून मिश्रण गाळत होती. चोरायची गरज काय, तिनं विचारलं, शंभरेक तर हातातच बसलीत. मग काम का सोडतेस, टाचणीनं विचारलं. तिनं मालकांकडे पाहिलं, मान खाली घातली. "घर लांब पडतं."

"पलीकडच्या गल्लीत राहते की," भावोजी टाचणीच्या कानात म्हणाले. "मीच पत्रं टाकायचो. खोटं बोलतेय, धरा तिला."

"खोटं बोलतेय खरं," टाचणी म्हणाली.

मालकीणबाई सकाळपासून तिसऱ्यांदा फरशी ओल्या फडक्यानं पुसत होत्या. केरसुणी कुठं दिसेना. दोन महिन्यांपूर्वीच फेकली, त्या म्हणाल्या, धूळ उडते.

टाचणी संगणकापाशी बसली, थोडं चाळलं, पुतण्याला फोनवर एकच प्रश्न विचारला आणि सगळ्यांना बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही," ती म्हणाली. "त्या नोंदी याच संगणकावर, याच ब्राउझरच्या पोटात साठत होत्या. दुसरीकडे कुठंही प्रत नाही. चोर नक्कल करून नेतो, मूळ जागेवर राहतं. इथं साफसफाई झालीय. भावोजी, आल्या आल्या काय ऐकलंत?"

"पासवर्डची कुरकुर."

"ब्राउझरनं जपलेल्या त्या ओळखी आणि या नोंदी एकाच झाडलोटीत गेल्या. पाहिलेल्या पानांची यादीसुद्धा कालच्या संध्याकाळपासूनच सुरू होते. कुणाला तरी एक शोध लपवायचा होता. यादी पुसताना समोर आलेल्या सगळ्या चौकटींवर खूण केली गेली."

मालकीणबाईंच्या हातातलं फडकं ठिबकत होतं. "मला वाटलं, नुसती यादी पुसली जाईल."

"सकाळपासून तुम्हीच कुरकुरताय, म्हणजे आणखी काय गेलं ते तुम्हाला कळलंच नव्हतं. आपण काय काय पुसलं हे जिला ठाऊक असतं, तिनं पासवर्डचं नाव काढलं नसतं."

भावोजींनी झिलईवालीकडे पाहायचं टाळलं.

"काय शोधत होतीस?" मालकांनी बायकोला विचारलं.

त्यांनी फडकं बादलीत पिळलं.

"ते माझ्या तपासात बसत नाही," टाचणी म्हणाली. "पण केरसुणी गेली, फरशी सुकू देत नाहीत, आणि गल्लीपलीकडचं घर कुणाला तरी लांब वाटायला लागलंय. तिघंही एकाच गोष्टीला वळसा घालताय."

झिलईवालीनं तोंडावरचं फडकं सोडलं. "आठवतात तेवढ्या सांगते. वही आणा."

मालकीणबाई वही घ्यायला वळल्या. मालक चाकाशेजारच्या स्टुलावर टेकले, श्वास जमेपर्यंत थांबले.

"दोन वह्या आण," ते म्हणाले. "एक तिला राहू दे. माझ्या फुप्फुसांत धूळ बसलीय. सोमवारची भट्टी माझी शेवटची."